अख्खा हंगाम

सप्टेंबर संपत आला की मस्कतमध्ये एके दिवशी संध्याकाळी गाडीच्या दाराला हात लावला तरी भाजत नाही. इथं ऋतू बदलल्याची एवढीच खूण. डोंगर तेच तपकिरी, आभाळ तेच पांढुरकं, रस्त्याकडेची बोगनवेल तशीच भडक. पण दार भाजत नाही, आणि त्याच आठवड्यात आमच्या क्रीडा विभागाच्या टेबलावर फुटबॉल क्लबांची पत्रकं यायला लागतात. पूर्वी फॅक्सनं यायची, आता ईमेलनं येतात. मजकूर मात्र तोच आहे: 'कळवण्यास आनंद होतो की नामांकित परदेशी प्रशिक्षक श्री. अमुक यांच्याशी आमच्या क्लबचा पूर्ण हंगामाचा करार झाला आहे.'

कालही एक आलं. यंदाचे श्री. अमुक सर्बियाचे आहेत. 'पूर्ण हंगामाचा' या शब्दांपाशी मी थांबलो. दर वर्षी थांबतो आणि दर वर्षी वैतागतो. इतकी वर्षं या टेबलावर काढली. परदेशी प्रशिक्षक सप्टेंबरअखेर हार घालून येताना पाहिले आणि फेब्रुवारीत बॅगा घेऊन जाताना पाहिले. दोन्ही वेळचा फोटो विमानतळावरचाच. हंगाम पूर्ण होतो, प्रशिक्षक होत नाही.

यातला एक माझ्यामुळे गेला. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको.

नव्वदच्या दशकाचा शेवट. त्या उन्हाळ्यात क्रोएशियानं विश्वचषकात तिसरा क्रमांक मिळवला होता, आणि लाल-पांढऱ्या चौकड्यांचे शर्ट मस्कतच्या रुई बाजारात फुटपाथवर दिसू लागले होते. रुस्ताककडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावाचा क्लब होता. गावाचं नाव इथं गरजेचं नाही. या क्लबचे अध्यक्ष खजुराचे मोठे बागायतदार. त्यांना सगळे अर्बाब म्हणत, म्हणजे मालक. आदल्या वर्षी त्यांनी ब्राझीलचा प्रशिक्षक आणला होता, कारण ब्राझील. या वर्षी त्यांना क्रोएशियाचा हवा होता. नव्या मॉडेलची गाडी मागावी तसा त्यांनी तो मागितला, आणि आला.

स्टिपे त्याचं नाव. वय चाळिशीच्या आसपास, उंची सहा फुटांच्या वर, डावा गुडघा वाकताना कुरकुरायचा तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येई. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरच्या एका बंदरात जन्म, वडील होड्या दुरुस्त करणारे. खेळायची जागा: मधला बचावपटू. माझ्या त्या वेळच्या वहीत पहिल्या मुलाखतीची टिपणं आहेत. 'तुमच्या कारकिर्दीतला सर्वोत्तम क्षण?' या प्रश्नाखाली त्याचं उत्तर असं: 'बचावपटूचा सर्वोत्तम क्षण कुणाला दिसत नाही. दिसला तर काहीतरी चुकलेलं असतं.' मला ते उत्तर त्या वेळी आवडलं नव्हतं. त्यातून मथळा निघत नव्हता.

मैदानाची आठवण मात्र नाकातून येते. गावाभोवती लिंबांच्या बागा होत्या. फलजचं पाणी, म्हणजे डोंगरातून खोदून आणलेल्या पाटाचं, बागांतून फिरे आणि संध्याकाळी ओल्या मातीचा आणि लिंबाच्या पानांचा वास मैदानावर उतरे. त्याच वेळी, बरोबर पाच वाजता, मैदानावरचे पाण्याचे फवारे आपोआप सुरू होत. सरावही पाचलाच असे. फवाऱ्यांची वेळ बदलायला क्लबचा इलेक्ट्रिशियन रोज तयार होता. 'इन्शाल्ला, उद्या.' स्टिपेनं महिनाभर वाट पाहिली, आणि मग वीस मिनिटं भिजत धावणं हा सरावाचाच भाग करून टाकला. चिडला की तो आवाज चढवायचा नाही. बूट काढायचा, त्यातलं पाणी ओतायचा, पुन्हा घालायचा. ते बघून मीच जास्त चिडायचो.

खेळाडू सगळे नोकरदार. कुणी पोलिसात, कुणी रुसैलच्या कारखान्यात पाळीवर, एक जण शाळेत शिक्षक. पाचचा सराव साडेपाचला अर्धा, सहाला पूर्ण. गोलरक्षकाच्या चुलतभावांची लग्नं संपतच नव्हती. पहिल्या चार सामन्यांत संघानं इतके गोल खाल्ले की अर्बाब स्टेडियमच्या सोफ्यावरून मध्यंतरालाच उठून गेले. शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते. हा क्लब शेवटून पहिला होता.

मग एके शुक्रवारी, सुट्टी म्हणून सराव चारला ठेवला होता तेव्हा, दाऊदचाचा मला मैदानाच्या फाटकावरच भेटला. दाऊदचाचा बाणकोटचा. तरुणपणी गलबतावर खलाशी होता, नंतर ओमानला आला, आणि वीस वर्षं या क्लबचं सामान सांभाळत होता: जर्सी धुणं, चेंडूत हवा भरणं, चहा. मराठी बोलायला मिळतं म्हणून तो माझी वाट बघायचा. माझी सातवीतली मुलगीही त्या दिवशी बरोबर होती.

"पेपरवाले, बरं झालं आलात. ह्या गोऱ्याचं डोकं फिरलंय."

"का, काय झालं?"

"दोरी मागतोय. चांगली लांब. मी इचारलं कशाला, तर हातानं दाखवतो, चार माणसं बांधायचीत."

"मग?"

"मग काय? दिली. आपल्याकडं जहाजाचा दोर हाय ना. पण गाठ मारायला लागला तो. मी म्हटलं, हात काढ. माणूस बांधायचा तर गाठ अशी पायजेल की आवळणार नाय आणि सुटणार पण नाय."

स्टिपे मैदानाच्या मधोमध गुडघा वर करून बसला होता. त्यानं दाऊदचाचाची गाठ सोडली आणि आपली मारली. दाऊदचाचानं ती सोडली आणि आपली मारली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, त्यामुळे भांडण स्वच्छ चाललं होतं. मी जवळ जाऊन पाहिलं तर गाठ एकच होती. मारायची दिशा तेवढी उलट. एकानं ती अरबी समुद्रात शिकली होती, दुसऱ्यानं एड्रियाटिकमध्ये.

बेत साधा होता. बचावाच्या ओळीतल्या चार जणांच्या कमरा एका दोरानं, मध्ये आठ-आठ पावलांचं अंतर ठेवून बांधायच्या. एक पुढे सरकला की चौघांनी सरकायचं, एक मागे आला की चौघांनी यायचं. कुणी एकटा शहाणपणा केला की बाकीचे तिघे ओढले जाणार. ओळीत भोक पडतं ते याच शहाणपणानं, असं स्टिपेचं म्हणणं.

बांधायला सुरुवात झाली आणि कुंपणापलीकडे पिकअपच्या टपांवर बसलेल्या गावकऱ्यांनी बकऱ्यांसारखं ओरडायला सुरुवात केली. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात बकऱ्या अशाच दोराला धरून गोल फिरवतात. एकानं बोलीही लावली. चौथा बचावपटू सालेम, पोलिसात सार्जंट. त्यानं दोर हातात घेतला, बघितला आणि खाली टाकला.

"मुदर्रिब," तो प्रशिक्षकाला म्हणाला, "मी सार्जंट आहे. माझ्या कमरेला पट्टा असतो. दोर मी दुसऱ्यांना बांधतो." आणि तो जाऊन गाडीत बसला.

मुलगी माझ्या शर्टाची बाही ओढून म्हणाली, "बाबा, ते अंकल हर्ट झाले का?"

"कोण? गाडीतले?"

"नाही. उंच वाले."

उंच वाले अंकल खाली पडलेला दोर उचलत होते. त्यांनी तो स्वतःच्या कमरेला बांधला, गाठ दाऊदचाचाच्या दिशेची मारून, आणि चौथ्या जागेवर उभे राहिले. "सवा सवा!" ते ओरडले. एकत्र. अरबीतले त्यांना येणारे तीन शब्द होते: यल्ला म्हणजे चला, खलास म्हणजे संपलं, आणि हा. आणि मग तो कुरकुरणारा गुडघा घेऊन एक प्रौढ माणूस तीन तरुणांबरोबर पुढे-मागे, पुढे-मागे धावू लागला. पाच वाजले आणि फवारेही सुरू झाले. बें-बें हळूहळू थांबलं. वीस मिनिटांनी सालेम गाडीतून उतरला. त्यानं स्टिपेच्या कमरेची गाठ सोडली आणि आपल्या कमरेला मारली.

त्या दिवशी सरावानंतर मी आणि स्टिपे पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यावर बसलो होतो. त्यानं आपली कारकीर्द सांगितली ती तेव्हा. त्याचा क्लब वरच्या गटात जाणार होता त्या वर्षी युद्ध सुरू झालं, मैदानावर लष्कराचे ट्रक उभे राहिले. मग ऑस्ट्रियात एका छोट्या क्लबकडे गेला. तो क्लब जानेवारीत बंद पडला. मग सायप्रस, तिथं फेब्रुवारीत गुडघा. मायदेशी परत जाऊन मुलांच्या संघाचा प्रशिक्षक झाला, तर नाताळात अध्यक्षांच्या मेहुण्याला ती जागा हवी झाली.

"माझ्याकडे सगळं आहे, जर्नलिस्ट," तो त्याच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "सप्टेंबर आहे. डिसेंबर आहे. फक्त मे नाही. अर्ध्या हंगामाचा कोच कुणालाच नको असतो. विचारतात, का काढलं? युद्ध, गुडघा, मेहुणा, सगळं खरं, पण कागदावर दिसतं एकच: अर्धा. या वेळी मे मिळाला तर मी कोच. नाही मिळाला तर घरी जातो आणि बाबांबरोबर होड्या रंगवतो. मला एक अख्खा हंगाम पाहिजे. एक."

मी ते वहीत लिहून घेतलं. छापलं नाही. वैयक्तिक होतं.

दोरानं काम केलं. नोव्हेंबरपासून तो संघ हरेनासा झाला. जिंकतही नव्हता, ते वेगळं. शून्य-शून्य, एखादा एक-एक, पुन्हा शून्य-शून्य. प्रेक्षकांना वैताग, वार्ताहरांना वैताग, कारण शून्य-शून्य सामन्याचा वृत्तांत चारशे शब्दांत लिहायचा म्हणजे काय लिहायचं? मस्कतहून पाहुणे बोलावणाऱ्या अर्बाबांना सगळ्यात जास्त. "लोकांना जेवायला बोलवायचं आणि पुढ्यात कोरा भात ठेवायचा," ते मला म्हणाले. "मुदर्रिब चांगला माणूस आहे. पण भात." तरी त्यांनी त्याला काढलं नव्हतं. काढायचा विचार होता की नाही, तेही सांगता येणार नाही. संघ तळातून वर सरकत होता. सामने सहा उरले होते.

आता आमच्या टेबलाविषयी. प्रशिक्षकाला काढल्याचं पत्रक क्लबांकडून नेहमी पान सोडायच्या वेळेला येई, आणि मजकूर नेहमी एकच असे: परस्पर संमती, क्लबसाठी केलेल्या कामाबद्दल आभार, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीलाच मी प्रत्येक परदेशी प्रशिक्षकाच्या नावानं ही बातमी लिहून ठेवत असे. म्हाताऱ्या पुढाऱ्यांचे मृत्युलेख तयार ठेवतात तसं. ऐन वेळी फक्त तारीख घालायची. मुंबईच्या वर्तमानपत्रात शिकलेली ही टापटीप. तिचा मला अभिमान होता. अशा मजकुराच्या डोक्यावर 'वापरू नये' असं लिहायचं असतं, हेही मुंबईतच शिकलो होतो. मी लिहिलं नव्हतं. फाईल माझी, संगणक माझा, लक्षात ठेवणारा मी.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मुलीच्या शाळेत, वादी कबीरला, स्नेहसंमेलन होतं. मी चारलाच निघालो. एक जाहिरात आयत्या वेळी रद्द झाली आणि पानावर दोन इंचांची जागा मोकळी राहिली. पान लावणारा थॉमस माझ्या फाईलींत काही मिळतंय का ते पाहत होता. दोन इंचांचं त्याला मिळालं. नीट लिहिलेलं, नाव घातलेलं, शुद्ध. थॉमसला मी कधीच दोष दिला नाही. असा तयार मजकूर मलाही आवडला असता.

सकाळी चहा पिताना मी ते वाचलं. दुरुस्तीचा मजकूर लिहिला, दुपारी संपादक आल्यावर त्यांची सही घेतली आणि दीड तास गाडी हाकत क्लबवर गेलो. वाटेत बरकाच्या पुढे समुद्र सुटतो आणि डोंगर जवळ येऊ लागतात. एरवी मला तो भाग आवडतो. त्या दिवशी प्रत्येक गोल चौक माझा वेळ खायला बांधला आहे असं वाटत होतं.

अर्बाबांनी नेहमीसारखं स्वागत केलं. खजूर, हलवा, कहवा. या देशात पाहुण्याला तिसऱ्या पेल्याआधी कामाचं बोलता येत नाही. तिसऱ्या पेल्यानंतर मी सांगितलं, "ही चूक आमची आहे. उद्या दुरुस्ती छापतोय. प्रशिक्षकांना काढलेलं नाही."

"काढलेलं नाही?" अर्बाब म्हणाले. "पण मी सकाळीच कळवलं सगळ्यांना."

"काय कळवलंत?"

"की काढलं. पेपरात आलं होतं."

"पण काढणार तुम्हीच ना? तुम्ही तर काढलं नव्हतं."

ते माझ्याकडे समजूतदारपणे पाहत राहिले. त्यांना वाटलं होतं, वरून कुणीतरी ठरवलं असेल. वरच्यांना विचारणं बरं दिसत नाही. उपाध्यक्षांना वाटलं होतं, अर्बाबांनी ठरवलं. त्यांना विचारणं बरं दिसत नाही. क्लबमध्ये सकाळपासून कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. सगळे फक्त सभ्यपणे वागले होते.

"मग आता कळवा ना, की चूक झाली," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता.

"आता ठेवलं तर लोक म्हणतील, अर्बाब काढत होते, कुणीतरी त्यांना अडवलं. माझा शब्द माझा राहत नाही." मग ते पुढे झुकले, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मनापासून म्हणाले, "आणि तू माझा पाहुणा आहेस. इतकी वर्षं येतोस. तुझी बातमी खोटी पडू द्यायची? माझ्या घरात? नाही. ती खरीच राहील. खलास. ती दुरुस्ती खिशात ठेव."

त्यांनी ते माझ्यावर उपकार म्हणून केलं होतं. निघताना लिंबांची एक करंडी गाडीत ठेवली.

मी मैदानावर गेलो. पाच वाजायचे होते. दाऊदचाचा फाटकावर नव्हता. तो सामानाच्या खोलीच्या दारात पाठमोरा बसला होता.

"स्टिपेला कळलं?"

"मघाशी कळलं. मी पेपर लपवला होता, पण फोनवर सांगतलं कोणीतरी." तो वळला नाही. "तुमी लिवलंत ना ते?"

"हो."

"बरं लिवलंय," दाऊदचाचा म्हणाला. "आभार मानलेत."

स्टिपे दोर गुंडाळत होता. मी सगळं सांगितलं: फाईल, जाहिरात, थॉमस, अर्बाब. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला. त्यानं मला शिवी द्यावी अशी माझी फार इच्छा होती.

"म्हणजे या वेळी युद्ध नाही, गुडघा नाही, मेहुणा नाही," तो म्हणाला.

"नाही."

"दोन इंच."

मग त्यानं विचारलं, किती सामने राहिले. त्याला माहीत होतं. तरी मी म्हणालो, सहा. त्यानं बूट काढला, झटकला, पुन्हा घातला. त्यात पाणी नव्हतं. तेवढ्यात फवारे सुरू झाले, आणि आम्ही दोघंही बाजूला झालो नाही.

नव्या प्रशिक्षकाचा व्हिसा आला नाही. इन्शाल्ला पुढच्या आठवड्यात, इन्शाल्ला त्याच्या पुढच्या. उरलेल्या सहा सामन्यांत क्लबला प्रशिक्षकच नव्हता. सालेम सरावाला पावणेपाचला यायला लागला. दाऊदचाचा चौघांना बांधायचा, गाठी तपासायचा आणि कुंपणाला टेकून ओरडायचा, "सवा सवा!" सहा सामने, बहुतेक शून्य-शून्य. क्लब टिकला. शेवटच्या दिवशी अर्बाबांनी अख्ख्या गावाला जेवण दिलं. कोरा भात नव्हता.

मे महिन्यात आमचं पान हंगामाचा वार्षिक तक्ता छापत असे: क्लब, सामने, केलेले गोल, खाल्लेले गोल, प्रशिक्षक. हा तक्ता मीच करायचो, आणि त्यातला आकडा कधी चुकला नाही असं लोक म्हणत. ज्या क्लबनं प्रशिक्षक बदलला त्याच्यापुढे दोन-तीन नावं, कंसात महिने. या क्लबपुढे मी एकच नाव लिहिलं, स्टिपेचं. कंसात: सप्टेंबर ते मे. कुणी काही म्हटलं नाही. अर्बाबांनी म्हटलं नाही, त्यांच्या सभ्यतेत ते बसत नव्हतं. थॉमसनं पान लावताना माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चष्मा पुसला. ते पान मी पाकिटात घालून डाल्मेशियाला पाठवलं, बरोबर पत्र न घालता. लिहिण्यासारखं जे होतं ते छापून झालं होतं.

जुलैत, क्रीडा पानावर टाकायला काही मिळत नाही अशा दिवसांत, एक फॅक्स आला. हस्ताक्षर मोठं, इंग्रजी मोडकं. 'प्रिय जर्नलिस्ट. तक्ता मिळाला. इथल्या एका क्लबला दाखवला. त्यांनी वाचला, सप्टेंबरपासून बोलावलं आहे. पण तक्त्यात एक चूक आहे. खाल्लेल्या गोलांत एक कमी आहे. डिसेंबर, परगावचा सामना, शेवटचं मिनिट, सालेम एकटा पुढे गेला. कृपया दुरुस्त करावं.'

मी वही काढून पाहिलं. त्याचं बरोबर होतं. फॅक्स उलटून मागे पाहिलं. मागे काही नव्हतं. या माणसाला त्या अख्ख्या ओळीत चूक दिसली ती ही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली. एका गोलाची.